ऑफिशिएटिंग मालक

आजचा विषय चारचौघांत काढण्याचा नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण चारचौघांत काढण्याजोगे जे विषय आहेत, म्हणजे हवापाणी, राजकारण, गुडघेदुखी आणि फिक्स्ड डिपॉझिटचा व्याजदर, ते आमच्या काउंटरवर रोज सकाळी दहापासून इतके चघळले जातात की त्यांत रस म्हणून काही उरलेला नाही. तेव्हा वाचकांनी जरा सावरून बसावे. शेजारी लहान मुले असतील तर मोठ्याने वाचू नये, एवढेच पथ्य. बाकी तपशिलात मी शिरणार नाही, कारण माझे लिखाण छापखान्यात जाण्याआधी घरात वाचले जाते.

तर गोष्ट अशी, की पश्चिमेकडे काही जोडपी एक खेळ खेळतात. दोघांपैकी एकाने हुकूम सोडायचा, दुसऱ्याने तो पाळायचा. ऊठ म्हटले की उठायचे, गुडघे टेक म्हटले की टेकायचे. कुणी दोरीने बांधून घेते, कुणी छडी खाते. सगळे आपखुशीने, दार लावून, आणि आधी बोलून ठरवून. एक शब्दही ठरलेला असतो. तो तोंडातून निघाला की खेळ जागच्या जागी थांबलाच पाहिजे. आमच्या भाषेत 'स्टॉप पेमेंट'. यात पुष्कळांच्या भूमिका कायमच्या असतात, एक नेहमीचा मालक, एक नेहमीचा दास. पण काही जण आळीपाळीने दोन्ही होतात. आज तू मालक, पुढच्या खेपेला मी. अशा माणसाला तिकडे 'स्विच' म्हणतात. हो, विजेचे बटण, तेच.

इथपर्यंत मला काही अडचण नव्हती. ज्याची त्याची हौस. अडचण पुढे आली. त्यांतल्या काहींचे म्हणणे असे, की ही नुसती चैन नव्हे, ही साधना आहे. दुसऱ्याच्या पायाशी बसले की 'मी' गळून पडतो, आणि दुसऱ्याने स्वतःला आपल्या हवाली केले की त्या जबाबदारीने 'मी' ताळ्यावर येतो. डॉसी ईस्टन आणि जॅनेट हार्डी या दोन अमेरिकन लेखिकांनी मिळून मालकाच्या बाजूने एक आणि दासाच्या बाजूने एक अशी दोन स्वतंत्र पुस्तके लिहिली आहेत. डबल एंट्रीची पद्धत इतकी चोख पाळलेली मी साहित्यात दुसरीकडे पाहिली नाही. पुढे २००४ साली 'रॅडिकल एक्स्टसी' नावाच्या पुस्तकात त्यांनी हाच मामला समाधीच्या अंगाने मांडला. तिकडच्या मनोविकारतज्ज्ञांनीही २०१३ साली आपल्या रोगांच्या यादीची पाचवी आवृत्ती काढताना निवाडा दिला, की अशी आवड असणे हाच काही रोग नव्हे. तिच्यापायी माणूस स्वतः हैराण झाला, किंवा नाखूश माणसावर त्याने ती लादली, तर मात्र रोग. म्हणजे रोगाचा प्रश्न मिटला. साधनेचा राहिला.

कुठल्याही मराठी नोकरदाराला हे ऐकून जे वाटेल तेच मला वाटले. हे लोक पदरचा वेळ घालवून जे करतात ते आपण दिवसभर ऑफिसात पगार घेऊन करतो आणि संध्याकाळी घरी फुकट. साहेबांच्या केबिनमध्ये दास, काउंटरवर पेन्शनर आजोबांपुढे मालक, घरी परत दास. हे जर साधन असेल तर एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर माझी कुंडलिनी निदान कमरेपर्यंत तरी यायला हवी होती. कमरेत आले ते फक्त दुखणे.

यावर कुणी म्हणेल, तुमचे दास्य आपखुशीचे नाही म्हणून त्याला फळ नाही. मान्य. मग आपखुशी म्हणजे काय, असा प्रश्न उरतो, आणि इथे मात्र माझा अधिकार चालतो. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. इंडियन काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट, १८७२, कलम १४, हे आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री रामरक्षेसारखे घोकले आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक, खोटी माहिती आणि गैरसमज, यांपैकी कशानेही जी उपजलेली नाही तीच संमती मुक्त. बाकी सगळ्या संमत्या म्हणजे नुसत्या सह्या.

हे कलम हाताशी घेऊन या पंथाच्या मूळपुरुषाकडे जाऊ. त्यांचे नाव लेओपोल्ड फॉन साखर-माझोख. जर्मन लोक 'झाखर' म्हणतात, पण आपल्या तोंडाला साखर बरी. जन्म १८३६ सालचा, गाव लेंबर्ग, म्हणजे आजच्या युक्रेनमधले लव्हीव. वडील तिथले पोलीसप्रमुख. पोलीसप्रमुखाच्या घरात वाढलेल्या मुलाला हुकूम ऐकण्याची गोडी कशी लागली हे मानसशास्त्रज्ञांनी शोधावे. मला तर त्याला लहानपणापासून प्रॅक्टिस होती असेच वाटते. या गृहस्थाने १८६९ च्या डिसेंबरात फॅनी पिस्टर नावाच्या बाईशी लेखी करार केला, की मी सहा महिने तुमचा दास. आपल्या काँट्रॅक्ट अ‍ॅक्टाला अजून तीन वर्षे अवकाश होता, पण मसुदा पाहून कोणताही लॉ ऑफिसर मान डोलावेल. बाईंची प्रत्येक इच्छा दासाने पुरी करायची. मात्र माणूस आणि नागरिक म्हणून त्याच्या अब्रूला बट्टा लागेल असे काही बाईंनी मागायचे नाही. त्याला रोज सहा तास स्वतःच्या कामासाठी मोकळे सोडायचे. त्याची पत्रे आणि लिखाण वाचायचे नाही. आणि बाईंनी शक्य तितक्या वेळा फरचा कोट घालायचा, विशेषतः क्रूरपणाची लहर आली असेल तेव्हा.

मी आयुष्यात हजारो करारनामे हाताळले आहेत. कर्जाचे, तारणाचे, जामिनाचे. करारनामा वाचला की मसुदा कुणी केला हे ओळखण्यासाठी सह्या पाहाव्या लागत नाहीत. अटी कुणाच्या सोयीच्या आहेत ते पाहायचे. आमच्या कर्जाच्या कागदांत कर्जदार मोठ्या अक्षरांत असतो आणि बँक बारीक अक्षरांत, पण अटी सगळ्या बारीक अक्षरवाल्याच्या. इथेही तसेच. मुदत दासाने ठरवलेली, सुटीचे तास दासाने मोजून घेतलेले, पोशाखसुद्धा दासाने नेमून दिलेला. मालकिणीच्या वाट्याला काय? केसाळ कातड्याचा कोट. पुढे दोघे इटलीला गेली. ती मालकिणीच्या थाटात आणि हा थर्ड क्लासने, नोकर म्हणून. इटलीत फर घालून फिरायचे म्हणजे दादरच्या फलाटावर मे महिन्यात रजई पांघरून उभे राहण्यासारखे. मला विचाराल तर त्या प्रवासात जर कुणी खरे तप केले असेल तर ते बाईंनी.

या अनुभवावर त्याने १८७० साली कादंबरी लिहिली, ती गाजली, आणि क्राफ्ट-एबिंग नावाच्या डॉक्टरांनी या गृहस्थाच्या हयातीतच त्याच्या आडनावावरून एका विकाराचे नाव पाडले. पण खरी गोष्ट यापुढेच आहे. १८७३ साली त्याने लग्न केले. बायकोचे नाव आउरोरा र्‍यूमेलिन. तिने कादंबरीतल्या मालकिणीचे नाव घेतले, वांडा. आपल्याकडे लग्नात बायकोचे नाव बदलतात, तसेच जवळपास, फक्त इथे नाव कादंबरीतून आले. या वांडाबाईंनी १९०६ साली आत्मचरित्र छापले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर. त्यात घर, मुले आणि पैशांची ओढाताण तर आहेच. शिवाय, इच्छा असो वा नसो, फर अंगावर चढवून नवऱ्याला फटके मारायची ड्यूटी आहे. नको म्हणायची सोय नाही, कारण नवरा दुखावतो. त्याचे लिहिणे थांबते. घरात पैसा येत नाही.

आता सांगा, यात मालक कोण? पायाशी बसलेला तो, की चाबूक हातात घेऊन घड्याळाकडे बघणारी ती? मला तर ती बाई महिनाअखेरीला ओव्हरटाइमला थांबवलेल्या क्लार्कसारखी दिसते. 'तू मला हुकूम कर' हे वाक्य व्याकरणात आज्ञार्थी आहे, हे आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनीसुद्धा ओळखले असते.

साखर-माझोख विक्षिप्त होता म्हणून त्याला हसून मोकळे होता येते. पण हाच पेच फार मोठ्या माणसालाही पडला होता, आणि त्याने तो स्वतःच लिहून ठेवला आहे. गांधीजी डर्बनला वकिली करत होते तेव्हाची, त्यांच्या आठवणीप्रमाणे १८९८ सालची गोष्ट. ऑफिसातले कारकून त्यांच्याच घरी राहायला असत. खोल्यांतून मोऱ्या नव्हत्या, लघवीची भांडी होती, आणि ती नवराबायकोने उचलायची असा घरचा नियम. एक नवा कारकून आला, तो अस्पृश्य मानलेल्या आईबापांचा ख्रिस्ती मुलगा. त्याचे भांडे उचलणे कस्तुरबांच्या जिवावर आले. तो विटाळाचा समज होता आणि समज म्हणून वाईटच. त्याची वकिली मी करणार नाही. तरी त्यांनी भांडे उचलले. डोळ्यांत पाणी, हातात भांडे, अशा त्या जिना उतरत होत्या. गांधीजींचे एवढ्याने समाधान होईना. हे काम हसतमुखाने झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह. बोलाचाली झाली, आणि त्यांनी बायकोचा हात धरून तिला फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या देशात मी कुठे जाऊ, फाटक लावा, लोक बघतील, असे ती बाई म्हणाली तेव्हा ते ओशाळले.

आमच्या काउंटरवरही 'हसतमुख सेवा' अशी पाटी लावलेली आहे. काम करून घेता येते. हसूसुद्धा करून घेता येते, तसे आम्ही रोज करतोच. पण त्या हसण्याला सेवा म्हणायचे की व्हाउचर, हा माझा जुना प्रश्न आहे. गांधीजींचा मोठेपणा असा, की ते भांडे ते स्वतःही उचलत होते आणि ही लाज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. साखर-माझोखची हकिगत मात्र बायकोला लिहावी लागली.

हे सगळे मी घरी सांगितले. पहिल्यांदा 'शी!' झाले. मग भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "अहो, पण आळीपाळीनं करतात म्हणालात ना? मग बरं आहे की."

"तेच तर. साधना म्हणे."

"असेल. पण आता बदलायचं, हे कोण ठरवतं?"

मी म्हटले, दोघं मिळून. ती काही बोलली नाही. गवारीच्या शिरा काढत राहिली. मग मीच सुचवले, की छडी आणि दोरी वगळून, निव्वळ तत्त्व म्हणून, येत्या रविवारी प्रयोग करू. दिवसभर तिने हुकूम करायचा, मी पाळायचा.

"म्हणजे काय काय करायचं ते मी शोधून काढायचं, आणि तुम्हाला सांगायचं?"

"हो."

"आणि ते मी रोज काय करते?"

तरी रविवारी प्रयोग झाला. पहिला हुकूम भाजी आणायचा. मी आज्ञाधारकपणे विचारले, कुठली? किती? जुडी की पाव किलो? दुसरा हुकूम कांदा चिरायचा. बारीक की उभा? आमटीला की भाताला? साडेदहापर्यंत सात हुकूम झाले आणि माझे एकवीस प्रश्न. दास तल्लीन होता. इतक्या मनापासून मी बँकेतही वाकलो नव्हतो. मालकीण मात्र दमली होती. शेवटी ती ओट्याला पाठ लावून म्हणाली, "आता एकच सांगते. दोन वाजेपर्यंत मला कुणी काही विचारू नका. जेवायचं तुमचं तुम्ही बघा, मुलांचंही बघा, आणि कसं केलं ते येऊन सांगूही नका." हा हुकूम पाळायला मला जे पडले, त्यापेक्षा दोरीने बांधून घेणे सोपे गेले असते असा माझा अंदाज आहे. मीठ कुठल्या डब्यात आहे हे विचारण्यासाठी मी तीनदा खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. दोन वाजता दार उघडले. ती वाचत होती. दुपारी कादंबरी वाचताना मी तिला किती वर्षांत पाहिले नव्हते, ते मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी पाश्चात्त्य थेरं. तसे नाही. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'त शृंगारातल्या प्रहारांवर एक प्रकरण आहे, आणि त्यातले जे चार प्रकार त्याला स्वतःला पसंत नाहीत, ते त्याने दाक्षिणात्यांच्या, म्हणजे आपल्याकडच्या लोकांच्या, खात्यावर टाकले आहेत. हे दुःखदायक आणि असंस्कृत आहे, इतरांनी घेऊ नये, असा शेराही मारला आहे. पुढे अपघातांची नोंद आहे, ती एखाद्या क्लेम सेटलमेंटच्या फाइलीसारखी कोरडी. त्यात कुंतल देशाचा सातकर्णी सातवाहन येतो, ज्याने 'कर्तरी' नावाच्या प्रहाराने आपली पट्टराणी मलयवती हिचा प्राण घेतला. एका ओळीत राणी संपते. तिने थांब म्हटले होते का, तसे म्हणायची सोय तिला होती का, याची नोंद नाही. राजाला थांबवणारा शब्द अजून कुठल्याच भाषेत तयार झाला नव्हता.

लगेच पुढचे प्रकरण स्त्रीने पुरुषाची भूमिका घेण्याविषयी आहे, आणि ते मला या सगळ्यात शहाणपणाचे वाटते. नायक दमला आहे असे दिसले तर तिने सूत्रे आपल्या हाती घ्यावी, पण त्याच्या अनुमतीने. मग मघाशी त्याने जे केले तेच तिने त्याला हसत परत करावे. आणि शेवटी आपला लाजरेपणा, आपला थकवा आणि आता पुरे झाल्याची इच्छा दाखवून पूर्वपदावर यावे. चार्ज घेणे, चार्ज चालवणे, चार्ज परत देणे. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, पण बँकेत असता तर इन्स्पेक्शनमध्ये सुटला असता.

त्या सातवाहनांची राजधानी आपले पैठण. त्याच पैठणात पुढे कित्येक शतकांनी एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी पाणी भरत होता, आणि तो देव होता, अशी कथा आहे. बारा वर्षे कावडी वाहिल्या. खरे काय ते उघडकीला आले तसा तो नाहीसा झाला. लहानपणी मला वाटे, देव लाजून गेला. आता वाटते, नाथांची अडचण ओळखून गेला असावा. हा देव आहे हे कळल्यावर त्याला 'रांजण भर' कोण म्हणणार? आणि मग तो तिथे राहून करणार काय? दास राहायचे तर दुसऱ्याला हुकूम सोडता आला पाहिजे. आपल्या वारीत हा तिढा एका फटक्यात सोडवलेला आहे. दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. आधी कोण वाकला, वय किती, जात कुठली, ग्रेड कुठली, काही पाहायचे नाही. वाकायचे, आणि दुसरा वाकला की आपले पाय मागे न घेता ते पडू द्यायचे. यातली दुसरी क्रिया जास्त अवघड आहे, हे ज्याच्या पाया कुणी अचानक पडले आहे त्याला सांगायला नको.

आमच्या खात्यात या आळीपाळीला रीतसर नाव आहे: ऑफिशिएटिंग. अधिकारी रजेवर गेला की एखाद्या सीनिअर क्लार्कला त्याच्या जागी बसवतात. दिवसापुरता साहेब. सही चालते, पासिंग करता येते, दिवसाचा भत्ता मिळतो. दुसऱ्या दिवशी साहेब परत आले की हा परत काउंटरवर. मी हे अनेकदा केले आहे आणि इतरांना करताना पाहिले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो, अंगात साहेब शिरायला दहा मिनिटे लागतात आणि उतरायला दोन दिवस. एरवी खांद्यावर हात टाकणारा माझा मित्र ऑफिशिएटिंगच्या दिवशी 'जरा व्हाउचर नीट लिहीत चला' असे अहोजाहो करून सांगतो, आवाज पोटातून काढतो, आणि चहासुद्धा बशीत न ओतता कपाने पितो. तेही मी समजू शकतो. पाहण्यासारखा असतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाचा माणूस. काल ज्याला व्हाउचरवरून बोलला त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे, आणि 'तुझं पेन दे रे जरा' म्हणायचे. भत्ता आदल्या दिवसाचा देतात. खरे तर तो या दुसऱ्या दिवसाचा द्यायला हवा.

न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली या हौशी लोकांची एक संस्था निघाली, तिचे नाव ऑयलेनश्पीगेल या जर्मन लोककथेतल्या खोडसाळ माणसावरून ठेवले आहे. तो चढ चढताना खुशीत असे, कारण पुढे उतार येणार. आणि उतरताना कष्टी होई, कारण पुढे चढ. ही मंडळी त्यात दुःखातल्या सुखाचे तत्त्व पाहतात. मला त्यात ऑफिशिएटिंग दिसते, फक्त उलटे. आमचा माणूस चढताना खुशीत असतो, उतरताना कष्टी, आणि डोंगराच्या भूगोलाशी त्याचा काही संबंध नसतो.

गंमत म्हणजे हे तत्त्व रिझर्व्ह बँकेलाही उमगले आहे. २०२१ च्या जुलैत तिने बँकांना फर्मावले, की जोखमीच्या जागांवरच्या माणसांना दर वर्षी सलग निदान दहा कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवा, आणि तेही आधी न सांगता. हेतू अध्यात्माचा नाही, अफरातफरीचा आहे. खुर्चीवर दुसरा माणूस बसला की पहिल्याने खाली काय दडवले आहे ते बाहेर येते. जो रजाच घेत नाही, ज्याच्यावाचून काम अडते, त्याच्याकडे ऑडिटर आधी पाहतात. आता हेच कलम मठाधिपती, संस्थापक-अध्यक्ष आणि कुटुंबप्रमुख यांना लावून बघा.

मला मोकळेपणाने बोलायचे तर, त्या दोरीवाल्या जोडप्यांपेक्षा मला काही आश्रमांची धास्ती जास्त वाटते. तिथे शरण या, 'मी' सोडा, प्रश्न विचारू नका, असा उपदेश अष्टौप्रहर चालतो. शरण जाण्याला माझी ना नाही. पण शिष्याने गुरूचे पाय धुतलेले रोज दिसतात. गुरूने शिष्याच्या खोलीत केर काढलेला कधी दिसत नाही. 'मी' सोडण्याचे एवढे माहात्म्य, मग ते एकाच्याच वाट्याला का? आणि तिथे 'पुरे' हा शब्द उच्चारला तर काय होते? त्या अमेरिकन जोडप्यांत खेळ थांबतो. इथे श्रद्धा कमी पडली असे ठरते. आळीपाळी नाही आणि थांबवायचा शब्दही नाही, त्या जागेला मी तरी साधना म्हणणार नाही. ती नेमणूक झाली. तीही बिनपगारी.

आपल्या थोर ग्रंथांत मात्र मी हे असे पाहिलेले नाही. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञात कृष्णाने स्वतःकडे कोणते काम घेतले? आलेल्या ब्राह्मणांचे पाय धुण्याचे. आणि त्याच यज्ञात अग्रपूजेचा मान कुणाला? त्यालाच. ओल्या हातांनी उठला आणि आसनावर बसला. शिशुपालाचा तोल गेला तो याच खांदेपालटावर. पाय धुणाऱ्याला त्याने खपवून घेतले असते, पूजा घेणाऱ्यालाही कदाचित. तो एकच माणूस आहे हे त्याला सोसले नाही. कुरुक्षेत्रावर पुन्हा तेच. अर्जुन आधी हुकूम सोडतो, रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये घे, आणि हा निमूट घेतो. पुढे अर्जुन शिष्य होतो, हा गुरू. मग ते विराट रूप, आणि अर्जुनाची गाळण उडते. पूर्वी तुला मित्र समजून काहीबाही बोललो, माफ कर, आणि आता हे आवर, तू आधी होतास तसाच हो, असे तो म्हणतो. इथे माझ्या मते गीतेतला फार महत्त्वाचा प्रसंग आहे: तो आवरतो. अजून थोडे पाहा, तुझ्या भल्याचे आहे, असे म्हणत नाही. शेवटी सगळे सांगून झाल्यावरही, विचार कर आणि मग तुझ्या इच्छेला येईल ते कर, असे सांगतो. अर्जुन म्हणतो, तू म्हणशील तसे करीन. आणि असे म्हणवून घेतलेला हा परमेश्वर काय करतो? लगाम हातात घेतो आणि अर्जुनाचे घोडे हाकायला लागतो. अठरा दिवस.

हे सगळे ज्यांना आळीपाळी मिळते त्यांचे झाले. आमच्या शाखेतला शिपाई चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाला. या काळात त्याने किती मॅनेजर पाहिले, किती ऑफिशिएटिंग साहेबांना चहा नेऊन दिला, याची मोजदाद त्यालाही नसेल. त्याला स्वतःला ऑफिशिएटिंग कधी मिळाले नाही. तशी तरतूद नाही. निरोपसमारंभ आटोपल्यावर आमच्यातल्या कुणाच्या तरी मनात आले, की काकांना आज साहेबांच्या खुर्चीत बसवून फोटो काढू. साहेब दिलदार, ते लगेच उठले. काका नको नको म्हणत खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले, पाठ न टेकता. मांडीवर शाल, नारळ. साहेब बाजूला भिंतीशी हात बांधून उभे राहिले. आम्ही सगळे ओरडलो, "काका, आज तुम्ही साहेब! करा हुकूम!"

काकांनी जरा विचार केला. आमच्या तोंडांकडे पाहिले, टेबलावरच्या कागदांकडे पाहिले. मग म्हणाले, "पंखा कमी करा जरा. कागद उडतायत."

पंख्याचे बटण भिंतीवर, साहेबांच्या खांद्यामागे. साहेबांनी मान वळवून ते शोधायला सुरुवात केली, पण त्यांना कधी शोधावे लागले नव्हते, त्यामुळे चार बटणांतले कुठले हे कळेना. तेवढ्यात काका उठलेसुद्धा. फोटो नेमका तेव्हाच निघाला. त्यात रिकामी खुर्ची आहे, टेबलावर नारळ आहे, साहेब बटणांकडे बघताहेत, आणि उजव्या कडेला अर्धवट, पाठमोरे, हात वर केलेले काका.